'मूळची मुंबईची' : एक सोप्रानो आणि आपल्या समीक्षेचे बहिरेपण

ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईतले रॉयल ऑपेरा हाउस २३ वर्षे बंद राहिल्यानंतर पुन्हा उघडले. त्या निमित्ताने तिथल्या रंगमंचावर उभ्या राहून ज्यांनी गायन केले त्यांचे नाव पॅट्रिशिया रोझारिओ. पियानोवर साथीला त्यांचे पती मार्क ट्रूप होते. त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांतून जो मजकूर आमच्या वाचनात आला, त्यात झुंबरांविषयी होते, सोनेरी नक्षीविषयी होते, सज्जांविषयी होते, १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालेल्या उद्घाटनाविषयी होते. गायिकेविषयी दोन शब्द होते : 'मूळची मुंबईची'. त्या काय गातात, कोणासाठी गातात, त्यांच्या गळ्यासाठी कोणी काय लिहिले, यांतले एकही वाक्य आम्हांला सापडले नाही. इमारत ऐकू येते आणि आवाज ऐकू येत नाही, अशी ही विलक्षण श्रवणशक्ती आहे.

आम्ही म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारी काही मंडळी. संगीत हा आमचा विषय नाही. तरीही या प्रश्नात तोंड घालण्याचे धाडस करीत आहोत, कारण हा प्रश्न संगीताइतकाच मराठी समीक्षेचाही आहे. आपल्याकडे गायकाविषयी भरपूर लिहिले जाते. घराणे, गुरू, कष्ट, उपाशी राहून केलेला रियाज, विक्षिप्त स्वभावाचे किस्से आणि शेवटी एखादी अविस्मरणीय मैफल. या साच्यात जो बसतो तो कलावंत. जो बसत नाही तो एक तर 'परदेशी' किंवा मग 'आपला अभिमान'. रोझारिओ यांच्या वाट्याला हे दुसरे आले. अभिमान ही ऐकण्याचे श्रम वाचवण्याची सर्वांत सोपी युक्ती आहे, आणि आपण ती सराईतपणे वापरतो.

आधी माहिती. पॅट्रिशिया रोझारिओ यांचा जन्म १९६० चा, मुंबईचा. पुढे त्या लंडनच्या गिल्डहॉल स्कूल ऑफ म्यूझिक अँड ड्रामामध्ये शिकल्या, तिथले सुवर्णपदक त्यांनी मिळवले. मोझार्ट, हॅन्डेल वगैरे सोप्रानो गायिकेचा नेहमीचा संसार त्यांनी केलाच; पण त्यांची खरी ओळख झाली ती नव्या, म्हणजे हयात संगीतकारांच्या रचनांमुळे. १९८९ साली लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये जॉन कॅस्केन यांच्या 'गोलेम' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, त्यात मिरियमची भूमिका त्यांची होती. १९९२ साली ऑल्डबरा महोत्सवात जॉन टॅव्हनर यांचा 'मेरी ऑफ इजिप्त' हा ऑपेरा प्रथम सादर झाला, त्यातली मेरी त्या होत्या. तिथून टॅव्हनर आणि रोझारिओ हे एक प्रकरणच सुरू झाले. २०१३ मध्ये टॅव्हनर वारले, तोपर्यंत त्यांनी या एका आवाजासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या होत्या. जानेवारी २००० मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये झालेले 'फॉल अँड रिझरेक्शन', जून २००३ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चमध्ये रात्री सुरू होऊन पहाटे संपलेले 'द व्हेल ऑफ द टेंपल', या सर्वांत तो आवाज आहे. एस्टोनियाचे आर्वो पेर्ट यांनीही त्यांच्यासाठी लिहिले. २००१ साली ब्रिटिश सरकारने ओबीई दिली. (आपल्या वृत्तपत्रांना ही शेवटची गोष्ट मात्र बरोबर ठाऊक असते.)

तीसहून अधिक रचना एका आवाजासाठी. हा आकडा क्षणभर मनात घोळवून पाहावा. साहित्यात याला समांतर काय सापडेल? एखाद्या कवीने आयुष्यभर एकाच वाचकाला उद्देशून लिहावे आणि तो वाचक प्रत्येक कविता मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज ती पुरी होऊ नये, असे काहीसे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात नव्या रचना गाणाऱ्या सोप्रानोचे आयुष्य हे असे असते. ब्रिटनच्या जेन मॅनिंग यांनी तीनशेहून अधिक रचनांचे प्रथम गायन केले. कॅथी बर्बेरियन या मेझो गायिकेच्या गळ्यातून हसणे, कुजबुजणे, जीभ टाळूला लावून काढलेले आवाज हे सगळे लुचानो बेरिओ यांच्या रचनांत शिरले. बार्बरा हॅनिगन तर गाता गाताच वाद्यवृंदाचे संचालनही करतात. यात कीर्ती असते, पण तोटाही मोठा असतो. नवी रचना शिकायला महिनेच्या महिने जातात, तिचा पहिला प्रयोग पुष्कळदा शेवटचा ठरतो, आणि ज्याचा आधी कोणताही नमुना कानावर पडलेला नाही असे काहीतरी श्रोत्यांसमोर उभे करावे लागते. जुने गाणाऱ्याला मागच्या शंभर गायकांचा आधार असतो. नवे गाणारीला कागद असतो, आणि तो लिहिणारा माणूस समोर बसलेला असतो.

म्हणूनच आमचा पहिला दावा असा की अशी गायिका ही रचनेची केवळ वाहक नसते, ती अर्धी कर्ती असते. श्वास कुठे संपतो, वरच्या स्वरावर आवाज किती हळू ठेवता येतो, कोणत्या जागी त्याचा पोत बदलतो, हे संगीतकार तिच्याकडून शिकतो आणि मग लिहितो. हे सांगायला इंग्रजी पुस्तके लागत नाहीत. मराठी माणसाला हे नाट्यसंगीताने शिकवायला हवे होते.

'मेरी ऑफ इजिप्त'चे कथानक पाहा. अलेक्झांड्रियातली एक वेश्या, पुढे विरक्त होऊन वाळवंटात निघून गेलेली आणि ख्रिस्ती परंपरेत संतपदाला पोचलेली. हे ऐकून मराठी वाचकाला मंगळवेढ्याची कान्होपात्रा आठवणार नाही काय? दोघींत फरक आहे, आणि तो मोठा आहे : कान्होपात्रा गणिकेची मुलगी, तिने तो मार्गच नाकारला, मेरी त्या मार्गाने जाऊन परतली. पण शरीराचा बाजार मागे टाकून देवाकडे गेलेली स्त्री आणि तिच्यासाठी शोधलेला आवाज, ही रचनेची समस्या एकच आहे. १९३१ साली ना. वि. कुलकर्णी यांचे 'संगीत कान्होपात्रा' गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. संगीत मास्तर कृष्णरावांचे, कान्होपात्रा बालगंधर्वांची. कृष्णरावांपुढे एक ठराविक गळा होता, ४३ वर्षांच्या पुरुषाचा, ज्याच्यातून एका तरुण भक्त स्त्रीचे आर्त निघायचे होते. त्या गळ्यातल्या छोट्या हरकती, शब्दाला बिलगून राहण्याची सवय, लयीशी चाललेला लडिवाळपणा, हे सगळे गृहीत धरून चाली बांधल्या गेल्या. टॅव्हनर यांनी ६१ वर्षांनंतर वेगळे काय केले? त्यांनी बायझंटाइन चर्चगायनातला अखंड टिकणारा आधारस्वर खाली ठेवला, त्याच्यावर संथ, लांब, किंचित कंप पावणारी स्वररेषा सोडली, आणि ती एका विशिष्ट स्त्रीला पेलेल अशी बेतली. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला त्या आधारस्वराची ओळख पटायला एक मिनिट पुरे. इंग्लंडातल्या श्रोत्याला कदाचित तो शिकावा लागला असेल.

पण आपण कान्होपात्राविषयी काय लिहितो? बालगंधर्वांचा शालू, अत्तर, पहिल्या रांगेतले शेठजी, कर्ज, आणि मग गहिवर. कृष्णरावांनी कोणत्या आवाजाचा कोणता प्रश्न कसा सोडवला, याचे विश्लेषण शोधायला गेले तर हाती फार थोडे लागते. आधीच्या काळात केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने लिहिताना गाण्याकडे गाणे म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला होता. त्याच केशवरावांनी १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाईंसाठी छोटी, सुटसुटीत, प्रसंगात विरघळणारी पदे रचली. ती त्या वर्षीची समकालीन रचना होती, आणि ती एका नव्या स्त्रीच्या आवाजासाठी होती. जितेंद्र अभिषेकींनी १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मध्ये वसंतराव देशपांड्यांचा गळा डोळ्यांपुढे ठेवला, तेही याच जातीचे काम. ही परंपरा आपल्याकडे सलग आहे. तिला नाव मात्र नाही, आणि नाव नसल्यामुळे रोझारिओ यांच्याकडे पाहताना ती आपल्या उपयोगी पडत नाही.

नाव का नाही, याचे एक कारण ख्यालात आहे असे आम्हांस वाटते. ख्यालगायनात रचनाकार आणि गायक एकाच देहात राहतात. बंदिश दोन ओळींची, बाकीचा तासभर गायक घडवतो. कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर त्यांनी लांब पल्ल्याच्या ताना सोडून तुटक, झेपावणारे, मध्येच थांबणारे गाणे घडवले. स्वतःच्या श्वासासाठी रचना करणारा तो संगीतकारच होता. पण तो स्वतःच गात असल्यामुळे संगीतकार आणि आवाज यांच्यातला करार आपल्याला दिसत नाही, दिसते ती फक्त प्रतिभा. आणि प्रतिभा म्हटले की मराठी समीक्षक पेन खाली ठेवतो. उलट रोझारिओ यांच्या बाबतीत करार उघडा आहे. लिहिणारा एक, गाणारी दुसरी, मध्ये स्वरलिपी. उद्या दुसरी सोप्रानो ती रचना घेऊन उभी राहील तेव्हा तिला पहिल्या आवाजाचा ठसा त्या कागदात सापडेल, आणि त्याच्याशी झगडावे लागेल. हे पाहायला मिळणे ही आपल्या समीक्षेला चालून आलेली संधी होती. भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकांतून शेकडो बंदिशी लिपिबद्ध केल्या, ते काम थोरच. पण त्यातून हाती आला तो बंदिशीचा सांगाडा, कोणाच्या गळ्यावर ती बेतलेली होती याची नोंद नव्हे.

आता सर्वांत लाडका आक्षेप. 'ते गाणे आहे की किंचाळणे?' हा प्रश्न आम्ही शिक्षककक्षात, साहित्यसंमेलनाच्या भोजनमंडपात आणि कल्याणच्या पुलावर, अशा सर्व ठिकाणी ऐकला आहे. विचारणारा हसतो आणि विषय संपतो. पण याचे उत्तर आहे, आणि ते अंकांत आहे. आपली गायिका साधारणपणे काळी चार किंवा काळी पाच हा षड्ज धरते. म्हणजे मध्य षड्ज सेकंदाला सुमारे २०८ ते २३३ कंपनांचा. तार पंचमापर्यंत ती गेली तरी सुमारे ६२० ते ७०० कंपने. सोप्रानोचा वरचा 'सी' हा १,०४६ कंपनांच्या आसपास असतो, आणि तो ध्वनिक्षेपकाशिवाय, चाळीस-पन्नास वाद्यांच्या डोक्यावरून, शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो. आपला कान मात्र १९३० च्या दशकापासून मायक्रोफोनने घडवलेला आहे. मायक्रोफोनपुढे कुजबुजले तरी चालते. किंबहुना कुजबुजलेलेच गोड लागते. तेव्हा ज्याला आपण किंचाळणे म्हणतो ते पुष्कळदा अंतराचे गणित असते.

'शब्द कळत नाहीत' हा त्याच आक्षेपाचा सभ्य भाऊ. तेही खरे आहे, पण त्यात गायिकेचा दोष नाही. स्वर 'ई' आहे की 'आ' आहे हे आपल्याला तोंडाच्या पोकळीतल्या अनुनादांवरून कळते. 'ई'चा पहिला अनुनाद सेकंदाला तीनशे-चारशे कंपनांच्या आसपास असतो. गायिकेचा मूळ स्वरच जेव्हा आठशे-नऊशेच्या वर जातो तेव्हा तो अनुनाद वापरायला जागाच उरत नाही. ती जबडा अधिक उघडते, आणि 'ई', 'ऊ', 'ए' हे सगळे 'आ'च्या जवळ सरकतात. जाणता संगीतकार म्हणून वरच्या टोकाला अर्थाचा भार ठेवीत नाही. शब्द खालच्या पट्टीत सांगून घेतो आणि वर फक्त आवाज पाठवतो. आपल्याकडे आलापात किंवा आकारातल्या तानेत नेमके हेच होते, तिथे शब्द कळत नाहीत अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. मुंबईत बी. आर. देवधरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाश्चात्त्य संगीताचा रीतसर अभ्यास केला आणि आवाजाच्या शास्त्रात आयुष्यभर रस घेतला. त्यांची संगीतशाळा ऑपेरा हाउसच्याच परिसरात होती. पुढे अशोक दा. रानडे यांनी आवाजाविषयी मराठीत आणि इंग्रजीत गंभीरपणे लिहिले. म्हणजे साहित्य उपलब्ध होते. हसणे अधिक सोपे होते, इतकेच.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे आणि तो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो : हे संगीत उच्चभ्रूंचे, नरिमन पॉइंटचे. बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. तिथून पुढे एनसीपीएपर्यंत जायचे, कार्यक्रम ऐकायचा आणि शेवटची लोकल गाठायची, हे नोकरदार माणसाला किती जड आहे ते आम्हांला कोणी सांगू नये. पण ही तक्रार सभागृहाच्या जागेविषयी आहे, तिकिटाविषयी आहे, रेल्वेविषयी आहे. संगीताच्या जातीविषयी ती काहीही सिद्ध करीत नाही. मुंबईत पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे लोक कोण होते? गोव्याहून पोटासाठी आलेले, धोबीतलावच्या कुडांत एका खोलीत डझनाने राहणारे, दिवसा चित्रपटाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलात वाजवणारे वादक. त्यांतल्याच, माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, स्वतःच्या रचना लिहिल्या आणि सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गायला लावले. रागांवर आधारलेले, स्वरलिपीत लिहिलेले, एका विशिष्ट स्त्रीच्या आवाजासाठी योजलेले समकालीन संगीत, आणि तेही मुंबईत. या घटनेविषयी आपल्या संगीतविषयक लेखनात किती पाने आहेत? गोन्साल्विस हे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते एका विनोदी चित्रपटगीतामुळे. तेव्हा उच्चभ्रूपणाचा आरोप करणाऱ्यांनी आधी हे सांगावे की या गरीब वादकांची दखल न घेण्यात कोणता लोकाभिमुखपणा होता.

राहता राहिले 'आपले' आणि 'परके'. आमच्या गावांत बसून हा वाद घालणे हास्यास्पद आहे. उल्हासनगर हे गावच मुळी दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीत सिंधमधून आलेल्या माणसांनी वसवलेले. त्याला हे नाव मिळाले १९४९ साली. त्या माणसांनी पेट्यांबरोबर भगत आणली, कलाम आणले, संत कंवररामांची गाणी आणली. अंबरनाथला १०६० सालच्या शिलाहारकालीन मंदिराच्या अवतीभोवती आयुधनिर्माणीमुळे देशभरातले कामगार आले, आणि त्यांच्यामागून त्यांचे भजन, त्यांचे चर्च, त्यांचे मृदंग आले. बदलापुरात आज मालवणी दशावतार, खानदेशी अहिराणी गाणी आणि दादरहून आलेले नाट्यसंगीत शेजारच्या इमारतींत नांदते. कोणाचे संगीत इथे मूळचे आहे, हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आम्हांला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

आणि या सगळ्याची किंमत कोणी तरी मोजते. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या अर्जात भारतीय शास्त्रीय गायन, सुगम गायन यांच्याबरोबर पाश्चात्त्य एकल गायनाचाही रकाना असतो. आमच्या पाहण्यात हा रकाना बहुधा कोरा जातो, किंवा गिटार घेऊन चित्रपटातले इंग्रजी गाणे म्हणणारा एखादा मुलगा तिथे भरला जातो. आमच्यापैकी एकाच्या वर्गात अंबरनाथची एक मुलगी होती. चर्चच्या गायनवृंदात ती लहानपणापासून वरची ओळ धरीत आली होती, स्वरलिपी वाचत होती, आणि तिचा आवाज वरच्या 'ए'पर्यंत ताण न पडता जात होता. निवड करणाऱ्या समितीतल्या एका सदस्याने तिला सांगितले की हे चर्चमधले नको, स्टेजवर चालेल असे काही तरी म्हण. तिने कराओकेवर एक प्रेमगीत म्हटले, पहिल्या फेरीत बाद झाली आणि पुढच्या वर्षी अर्जच केला नाही. तिच्यासमोर दोन वाटा होत्या : दूरचित्रवाणीवरची स्पर्धा किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा. दोन्ही वाटा वाईट नाहीत. पण तिचा आवाज तिसऱ्याच जातीचा होता आणि त्या जातीला आमच्या भाषेत शब्द नव्हता. समितीतला तो सदस्य दुष्ट नव्हता. ज्या मराठी लेखनावर त्याचा कान घडला त्यात सोप्रानो हा शब्द फक्त विनोदात येत होता.

रोझारिओ यांनी स्वतः याबाबतीत जे केले ते आपल्या अभिमानी बातम्यांत फारसे येत नाही. २००९ पासून 'गिव्हिंग व्हॉइस टु इंडिया' या उपक्रमातून त्या आणि ट्रूप भारतात येऊन मुंबई, गोवा, पुणे अशा शहरांत तरुण गायकांना आवाजाचे शिक्षण देऊ लागले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये शिकवणारी गायिका ज्या गावी जन्मली तिथे परत येऊन काय देते, तर एक मैफल नव्हे, श्वास कसा घ्यावा हे. कारण तिला ठाऊक आहे की तिला स्वतःला त्यासाठी जावे लागले होते. 'मूळची मुंबईची' या शब्दांत खरे तर एक आरोप दडलेला आहे : या शहरात अशा आवाजाला पुरेसे शिक्षण नव्हते, म्हणून ती मूळची राहिली, इथली झाली नाही. आपण तो आरोप प्रशस्तिपत्रासारखा छापतो.

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. कल्याणपलीकडे ऑपेरा हाउस बांधा असे आम्ही म्हणत नाही. मराठी एम.ए.च्या वर्गात नाटकाचा अभ्यास होतो, त्यात 'स्वयंवर' किंवा 'कट्यार' शिकवताना पदांचे केवळ काव्य न शिकवता ते कोणाच्या गळ्यासाठी बांधले गेले हेही शिकवावे. त्यासाठी एक ध्वनिवर्धक आणि एक तास पुरतो. संगीतावर स्तंभ लिहिणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी अशा रचनेवर लिहावे जिचा रचनाकार हयात आहे, आणि तिला 'फ्यूजन' म्हणून मोकळे होऊ नये; तबला आणि सॅक्सोफोन एका मंचावर बसवले की समकालीन संगीत होते, हा गैरसमज प्रायोजकांसाठी ठेवावा. आणि 'भारतीय रक्तामुळे तिच्या आवाजात अध्यात्म आले' हे वाक्य, जे दोन्ही देशांत लिहिले जाते, ते मराठीत तरी बंद व्हावे. त्या आवाजामागे श्वासाचा सराव आहे, ग्रीक आणि रशियन उच्चारांचा अभ्यास आहे, एका चमत्कारिक संगीतकाराबरोबर दोन दशके टिकवलेला संयम आहे. रक्ताला यातले काही येत नाही.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी आरंभ 'मेरी ऑफ इजिप्त'पासून करू नये. तो ऑपेरा संथ आहे आणि चित्राशिवाय अवघड जातो. 'अख्मातोव्हा साँग्ज' घ्यावे. १९९३ साली त्याचे पहिले सादरीकरण झाले तेव्हा मंचावर दोघेच होते, रोझारिओ आणि चेलोवर स्टीव्हन इसर्लिस. कविता रशियन आहेत, शब्द कळणार नाहीत. पहिल्या खेपेला फक्त चेलोकडे लक्ष ठेवावे, दुसऱ्या खेपेला आवाज चेलोपासून कुठे सुटतो ते पाहावे. लोकलमध्ये ऐकू नये. गाडीचा घरघराट नेमका चेलोच्या पट्टीतला असतो.